घरातील विजेच्या बिघाडाची पूर्वचिन्हे

पिकावर रोग पडला, की अनुभवी शेतकरी तो पानावरील पहिल्या ठिपक्यावरून ओळखतो. जनावर आजारी पडण्यापूर्वी त्याचे रवंथ करणे मंदावते, हेही त्यास ठाऊक असते. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरात बटणाभोवती तपकिरी डाग पडला, न्हाणीतील नळास हात लावताच बोटांना मुंग्या आल्या किंवा आठवड्यात दोनदा फ्यूज गेला, तर तिकडे सहसा लक्ष दिले जात नाही. “जरासा करंट येतो,” एवढे म्हणून घरची माणसे त्या वस्तूस हात न लावण्याची सवय करून घेतात. विजेचे अपघात अचानक घडल्यासारखे दिसतात. परंतु त्यांपैकी पुष्कळांची सूचना घरात आधी मिळालेली असते. ती सूचना कशी ओळखावी, तिचा अर्थ काय आणि ती मिळाल्यावर काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

जुन्या तारा व नवा भार

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली आणि त्यानंतरच्या काही दशकांत राज्यातील खेडोपाडी वीज पोचली. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन वीजवितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. त्या पहिल्या काळात ज्या घरांत लाकडी पट्टीवरून तारा टाकल्या गेल्या, त्यांपैकी काहींमध्ये आजही त्याच तारा काम करीत आहेत. तारा त्याच राहिल्या. घरातील उपकरणे मात्र पालटली.

हा फरक हिशेबाने पाहावा. आपल्या घरातील विजेचा दाब सामान्यतः २३० व्होल्ट असतो. उपकरणाचे वॅट या दाबाने भागले, म्हणजे त्यातून वाहणारा प्रवाह साधारणपणे किती अँपिअर आहे, हे कळते. पूर्वी घरात ६० वॅटचे तीन दिवे असत. त्यांचे एकूण १८० वॅट होतात, म्हणजे प्रवाह एक अँपिअरहूनही कमी. आता सकाळच्या वेळी १,५०० वॅटचा पाणी तापविण्याचा रॉड, १,००० वॅटची इस्त्री आणि ५०० वॅटचा मिक्सर एकाच वेळी चालू असतात. त्यांचे ३,००० वॅट होतात व प्रवाह सुमारे १३ अँपिअर भरतो.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात न वाढता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. वरील उदाहरणात प्रवाह सुमारे सतरापट झाला; म्हणून त्याच तारेतील उष्णता सुमारे पावणेतीनशे पट होते. या उष्णतेने तारेवरील आवरण हळूहळू कडक होते, त्यास भेगा पडतात आणि अखेरीस आतील धातू उघडा पडतो. हे सर्व भिंतीच्या आत किंवा पट्टीखाली घडत असल्यामुळे तार दिसत नाही. तिची लक्षणे तेवढी बाहेर दिसतात.

उष्णता, वास व आवाज

सर्वांत महत्त्वाचे चिन्ह म्हणजे अस्थानी उष्णता. इस्त्री तापली पाहिजे, पण इस्त्रीचा प्लग तापता कामा नये. बटण, सॉकेट, प्लग, वायर किंवा मीटरचा बोर्ड हातास गरम लागला, तर त्या जागी सैल जोड आहे अथवा भार मर्यादेबाहेर गेला आहे, असे समजावे. सैल जोडातून वीज जाण्यास अडथळा होतो व अडथळ्याच्या जागी उष्णता साचते. एखाद्या सैल जोडाचा रोध केवळ अर्धा ओहम असला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर तेथे ५० वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची लहान सळई बहुधा २५ वॅटची असते. म्हणजे तशा दोन सळया बोर्डाच्या आत सतत तापत ठेवल्यासारखेच झाले.

जुन्या घरांतील काही तारा ॲल्युमिनियमच्या आहेत. हा धातू मऊ असून तापल्यावर अधिक प्रसरण पावतो. तापणे व थंड होणे वारंवार घडल्याने त्याचे जोड स्क्रूखाली सैल होत जातात. ज्या घरात अशा तारा आहेत तेथे जोडांची तपासणी अधिक वेळा करावी.

दुसरे चिन्ह वासाचे. तापलेल्या प्लॅस्टिकचा उग्र दर्प सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु बटणे, सॉकेट व होल्डर यांच्या काही प्रकारांत वापरलेले पदार्थ तापले, म्हणजे मासळीसारखा वास येतो. स्वयंपाकघरात मासळी नसताना असा वास येऊ लागला, तर बोर्डाजवळ जाऊन पाहावे. वास येतो पण धूर दिसत नाही, म्हणून निर्धास्त राहू नये.

तिसरे चिन्ह आवाजाचे. बोर्डातून चटचट, सुरसुर किंवा गुणगुण असा आवाज येणे हे आत ठिणग्या पडत असल्याचे लक्षण होय. पंख्याचे बटण दाबताना क्षणभर बारीक ठिणगी दिसणे वेगळे. बटण दाबून झाल्यावरही आवाज चालू राहणे हे बिघाडाचेच चिन्ह समजावे. बटणाभोवतीचा पिवळा वा तपकिरी डाग, सॉकेटच्या छिद्रांची काळी पडलेली कड, वितळून वाकडी झालेली पिन आणि भिंतीवर तारेच्या रेषेत उमटलेली काळपट झाक ही याच रोगाची दिसणारी लक्षणे आहेत.

उंदरांचाही विचार केला पाहिजे. धान्याच्या कोठीजवळून किंवा माळ्यावरील कडब्यातून गेलेल्या तारांचे आवरण उंदीर कुरतडतात. अशा ठिकाणी एक ठिणगीही वर्षभराचे धान्य व वैरण नष्ट करण्यास पुरेशी असते. कोठीत उंदरांच्या लेंड्या दिसल्या, की धान्याबरोबर वरच्या तारांचीही पाहणी करावी.

दिव्यांच्या प्रकाशातील फरक

दिवा मंद होणे हे नेहमीच बिघाडाचे लक्षण नसते. कडबाकुट्टीची २ अश्वशक्तीची मोटर सुरू होताना ती नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते. त्या वेळी घरातील दिवे क्षणभर मंद होऊन पुन्हा पूर्ववत होतात. हे स्वाभाविक आहे. परंतु मोटर फिरू लागल्यावरही दिवे मंदच राहिले, किंवा कोणतेही मोठे उपकरण चालू नसताना ते लुकलुकू लागले, तर कोठेतरी जोड सैल आहे.

एकच दिवा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा त्या दिव्यात, त्याच्या होल्डरमध्ये किंवा बटणात असतो. एका खोलीतील सर्व दिवे लुकलुकत असतील, तर त्या खोलीकडे जाणाऱ्या तारेत दोष शोधावा. संपूर्ण घरातील दिवे लुकलुकत असतील, तर मेन स्विच, मीटर किंवा खांबावरून येणारी तार यांपैकी एका ठिकाणी दोष असतो. शेजारच्या घरांतही तसेच होत असल्यास तो गावातील वाहिनीचा दोष समजावा. याप्रमाणे दोषाचे ठिकाण ओळखून तक्रार केली, म्हणजे वायरमनचे काम सोपे होते.

एक चिन्ह मात्र असे आहे, की ते दिसताच विलंब न लावता मेन स्विच बंद करावा. काही घरांतील दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर होतात व त्याच वेळी इतर काही घरांतील मंद पडतात. गावातील तीन फेजच्या वाहिनीची न्यूट्रल तार तुटली अथवा सैल झाली, की असे घडते. त्या स्थितीत एखाद्या घरातील दाब २३० व्होल्टवरून वाढत जाऊन ४०० व्होल्टच्या जवळपास पोचू शकतो. शीतकपाट, दूरदर्शन संच व मोटर जळतात आणि आगही लागू शकते. अशा वेळी शेजाऱ्यांनाही हाक मारून मेन स्विच बंद करावयास सांगावे.

फ्यूज हा पहारेकरी आहे

फ्यूज म्हणजे जाणूनबुजून बारीक ठेवलेली तार होय. भार मर्यादेबाहेर गेला किंवा दोन तारा एकमेकींस चिकटल्या, तर घरातील इतर तारा तापण्यापूर्वी ही तार वितळते व प्रवाह बंद पडतो. ५ अँपिअरसाठी कलई केलेल्या तांब्याची सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीची, तर १५ अँपिअरसाठी सुमारे ०.५ मिलिमीटर जाडीची तार वापरतात.

फ्यूज वारंवार जाऊ लागला, की कित्येक घरांत त्या ठिकाणी जाड तार, वायरीतील दोन-चार तंतू, कधी कधी खिळाही बसविला जातो. त्यानंतर फ्यूज जात नाही व घरची माणसे समाधान मानतात. प्रत्यक्षात बिघाड तसाच असतो. ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचे तोंड तेवढे बांधलेले असते. यापुढे वितळावयाची पाळी फ्यूजची नसून भिंतीतील तारेची येते.

आपोआप पडणाऱ्या एमसीबी खटक्याविषयीही हेच सांगता येईल. तो एकदा पडला तर पुन्हा वर करण्यास हरकत नाही. पुन्हा पडला, तर मात्र तो जोराने दाबून धरू नये, किंवा त्याच्या जागी जास्त अँपिअरचा खटका बसवू नये. सर्व बटणे बंद करून सर्व प्लग काढावेत. नंतर खटका वर करून एकेक उपकरण लावीत जावे. ज्या उपकरणाने खटका पडेल ते बाजूस काढून दुरुस्तीस द्यावे. एकही उपकरण लावलेले नसताना खटका पडत असेल, तर दोष भिंतीतील तारांत आहे व ते काम वायरमनचे आहे.

मीटरही साक्ष देतो. घरातील सर्व बटणे बंद करून सर्व प्लग काढल्यावर मीटरवरील लुकलुकणारा दिवा थांबला पाहिजे. तो मधूनमधून लुकलुकत राहिला, तर वीज कोठेतरी गळत असण्याचा संभव आहे. वापर वाढलेला नसताना बिल वाढणे, हेही तपासणी करून घेण्यास पुरेसे कारण आहे.

“जरासा करंट” म्हणजे काय

आता सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाणारे आणि सर्वांत घातक असे चिन्ह विचारात घेऊ. शीतकपाटाचे दार, कूलरचा पत्रा, धुण्याचे यंत्र, नळ किंवा ओली भिंत यांस हात लावल्यावर बोटांना मुंग्या येतात. झटका सौम्य असल्यामुळे दोषही सौम्य असावा, अशी समजूत होते. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळेच माणसे दगावतात.

झटका किती बसेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: वस्तूवर आलेला दाब आणि माणसाच्या शरीराचा व पायाखालील जमिनीचा मिळून होणारा रोध. समजा, कूलरच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट आलेले आहेत. घरधनी कोरड्या फरशीवर रबरी चप्पल घालून उभा आहे व त्याच्या वाटेतील एकूण रोध १,००,००० ओहम आहे. त्याच्या शरीरातून सुमारे २.३ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाहाची जाणीव माणसास होते. म्हणून त्यास मुंग्या येतात, अधिक काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच कूलरमध्ये पाणी भरताना फरशी ओली होते. घरातील मूल अनवाणी येते व ओल्या हाताने तोच पत्रा धरते. ओल्या त्वचेचा रोध १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. आता प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो. दाब कालचाच आहे, कूलर कालचाच आहे. पालटली ती फक्त ओल. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही काळ शरीरातून गेल्यास जीवितास धोका असतो. ६० वॅटचा साधा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाहावर पेटतो, हे ध्यानात घेतले म्हणजे माणसाचा जीव जाण्यास किती थोडी वीज पुरते, हे कळून येईल.

म्हणून मुंग्या आल्या, तर “थोडा करंट आहे” असे न म्हणता “आज पाय कोरडे होते” असे म्हणावे. काही आधुनिक उपकरणांतून त्यांच्या रचनेमुळे अत्यल्प प्रवाह बाहेर जाणवतो, हे खरे आहे. परंतु तो निरुपद्रवी आहे की नाही, हे बोटांनी ठरविता येत नाही. ते तपासणीनंतर वायरमनने ठरवावे. तोपर्यंत ते उपकरण प्लग काढून बंद ठेवावे. प्लग काढताना उपकरणाच्या धातूस स्पर्श करू नये. मेन स्विच बंद करून मगच प्लग काढणे अधिक चांगले.

या ठिकाणी टेस्टरविषयी सांगणे जरूर आहे. टेस्टरचा दिवा लागला नाही, म्हणजे वीज नाहीच, असे समजणे धोक्याचे आहे. टेस्टर बिघडलेला असू शकतो. प्रखर उन्हात त्याचा दिवा दिसत नाही. वापरण्यापूर्वी तो चालू सॉकेटवर लावून पाहावा आणि तरीही मेन स्विच बंद केल्याशिवाय कोणत्याही उघड्या तारेस हात लावू नये.

गोठा, अंगण व पत्र्याचे छप्पर

शेतकऱ्याचे घर चार भिंतींत संपत नाही. गोठ्यातील चिन्हांकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण तेथे ओल कायम असते. गाय, म्हैस किंवा बैल नेहमीच्या हौदावर पाणी पिण्यास कचरत असेल, तोंड लावताच मागे सरत असेल, गव्हाणीच्या लोखंडी नळीस स्पर्श होताच दचकत असेल, किंवा धार काढताना विनाकारण अस्वस्थ होत असेल, तर जनावराच्या प्रकृतीबरोबरच गोठ्यातील विजेचीही तपासणी करावी. जनावराचे खूर ओल्या जमिनीवर असतात व त्याच्या पुढील आणि मागील पायांत अंतर बरेच असते. जमिनीतून गळणारी वीज एका पायातून शिरून छातीमार्गे दुसऱ्या पायातून बाहेर पडते. चप्पल घातलेल्या माणसास ज्याचा पत्ताही लागत नाही, ते जनावरास आधी जाणवते. मुके जनावर बोलत नाही. त्याचे मागे सरणे हेच त्याचे सांगणे होय.

कडबाकुट्टीचा सांगाडा, पंपाच्या स्टार्टरची लोखंडी पेटी व घरगुती पिठाची गिरणी ही सर्व धातूची असतात आणि ती सतत हादरत असतात. हादऱ्याने जोड सैल होतात व वायर धातूच्या कडेवर घासून तिचे आवरण निघते. वायर जेथून यंत्रात शिरते ती जागा दर महिन्यास पाहावी.

खांबावरून घरात येणारी तार पत्र्याच्या कडेस किंवा झाडाच्या फांदीस घासत असेल, तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर तिचे आवरण थोडे थोडे झिजते. एके दिवशी संपूर्ण पत्र्यात वीज उतरते. त्या पत्र्यास किंवा त्याच्या लोखंडी खांबास कपडे वाळत घालण्याची तार बांधलेली असेल, तर ओले लुगडे वाळत घालणाऱ्या बाईस त्याची कल्पनाही नसते. म्हणून कपडे वाळविण्यासाठी लोखंडी तार मुळीच वापरू नये. नायलॉनची किंवा काथ्याची दोरी वापरावी, आणि ती विजेच्या खांबास अथवा त्याच्या ताणास बांधू नये. पाऊस पडत असताना छपराच्या पत्र्यातून बारीक आवाज येणे किंवा पत्र्यास हात लागताच मुंग्या येणे हे आणीबाणीचे चिन्ह समजावे.

अर्थिंग व गळती ओळखणारा खटका

उपकरणाच्या धातूवर आलेली वीज माणसाच्या शरीरातून न जाता जमिनीत जावी, यासाठी अर्थिंग असते. तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड व लांब पिन हीच अर्थिंगची होय. ती मुद्दाम लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग लावताना तिचा जोड प्रथम जुळतो व काढताना शेवटी सुटतो. ती पिन कापून किंवा वाकवून तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांत बसविणे म्हणजे घरच्यांचे संरक्षण स्वहस्ते काढून टाकणे आहे.

परंतु अर्थिंगची तार नुसती असून भागत नाही. जमिनीशी तिचा संबंध चांगला पाहिजे. अर्थिंगच्या मार्गाचा रोध २ ओहम असेल, तर बिघाडाच्या वेळी शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह वाहून फ्यूज तत्काळ वितळेल. तोच रोध ५० ओहम असेल, तर प्रवाह जेमतेम ४.६ अँपिअर भरेल. १५ अँपिअरचा फ्यूज त्याची दखलही घेणार नाही आणि उपकरणाचा पत्रा विजेने भारलेलाच राहील. उन्हाळ्यात जमीन सुकते तसा हा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात त्या दिवसांत नियमाने पाणी घालावे, गंजलेला जोड बदलून घ्यावा आणि वर्षातून एकदा वायरमनकडून रोध मोजून घ्यावा. न्यूट्रल तार किंवा पाण्याचा नळ अर्थिंग म्हणून कधीही वापरू नये.

फ्यूज व एमसीबी ही तारांचे रक्षण करतात. माणसास मारणारा अल्प प्रवाह त्यांना कळत नाही. तो ओळखणारा खटका निराळा असतो. त्यास आरसीसीबी म्हणतात. बाजारात ईएलसीबी हे जुने नावही चालते. घरात गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, तर हा खटका क्षणार्धात वीज तोडतो. त्यावर ‘टी’ अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबताच खटका पडला पाहिजे. न पडल्यास तो बदलावा. हा खटका पावसाळ्यात वारंवार पडू लागला, तर तो बिघडला असे समजून काढून टाकू नये. कोणत्या तरी भिंतीत ओल शिरून वीज गळत असल्याची तो सूचना देत असतो. मात्र एकाच वेळी फेज व न्यूट्रल अशा दोन्ही तारा धरणाऱ्या माणसास हा खटका वाचवू शकत नाही, हेही लक्षात असावे.

चिन्ह दिसल्यावर काय करावे

१. धूर, जळका वास, बोर्डातून सतत आवाज, एकाएकी प्रखर झालेले दिवे अथवा पत्र्यात उतरलेली वीज आढळल्यास मेन स्विच तत्काळ बंद करावा. मेन स्विचचीच पेटी गरम अथवा ओली असेल, तर तिला हात न लावता सर्वांनी बाहेर यावे व महावितरणला कळवावे. त्यासाठी १९१२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. पत्र्यात किंवा भिंतीत वीज उतरली असेल, तर मेन स्विच बंद केल्यावरही दुरुस्ती होईपर्यंत तेथे स्पर्श करू नये. कारण खांबावरून येणाऱ्या तारेचा दोष मेन स्विचने दूर होत नाही.

२. मुंग्या येणे, गरम प्लग, डाग पडलेले सॉकेट, वारंवार जाणारा फ्यूज आढळल्यास ते उपकरण किंवा ती जागा त्याच दिवशी वापरातून काढावी आणि दुरुस्ती होईपर्यंत घरातील लहानमोठ्या सर्वांस तसे बजावून ठेवावे.

३. भेगा पडलेली वायर, सैल सॉकेट, कापडी पट्टी गुंडाळलेले जोड, गंजलेले अर्थिंग आढळल्यास पुढील सुगीची वाट न पाहता महिन्याच्या आत दुरुस्ती करावी. नवीन तार घेताना तिजवर आयएसआय चिन्ह आहे, हे पाहून घ्यावे. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची व १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सामान्यतः वापरतात.

मीटरपर्यंतच्या तारांची दुरुस्ती महावितरणकडे असते. तेथे गावातील कोणीही स्वतः खांबावर चढू नये. मीटरच्या पुढील तारांची जबाबदारी घरमालकाची असते आणि ते काम परवानाधारक ठेकेदाराकडून किंवा पात्र वायरमनकडूनच करून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय सभेत सांगण्यापेक्षा एका घरात फिरून दाखविल्यास लवकर समजतो. गावातील एखाद्या शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या घरी आठ-दहा स्त्रीपुरुषांस जमवावे. खांबापासून आरंभ करून येणारी तार, मीटर, मेन स्विच, फ्यूज, स्वयंपाकघर, न्हाणी, गोठा व कपडे वाळविण्याची दोरी या क्रमाने पाहणी करावी. अर्ध्या तासात ती पूर्ण होते. काहीही उघडू नये; डोळे, नाक व कान यांनी जेवढे कळते तेवढेच दाखवावे. स्त्रियांस अवश्य बोलवावे, कारण दिवसातील बराच वेळ ही उपकरणे त्यांच्याच हाती असतात आणि कोणत्या वस्तूस “करंट येतो”, हे घरातील पुरुषांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

अशी पाहणी वर्षातून दोन वेळा करावी: उन्हाळ्यात कूलर बाहेर काढण्यापूर्वी एकदा व मृगाच्या पावसापूर्वी एकदा. विदर्भ व मराठवाड्यात कूलरचा वापर मोठा असल्याने पहिली पाहणी तेथे टाळू नये. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढणे, आणि रॉडचा प्लग काढल्याशिवाय पाण्यास हात न लावणे, हे दोन नियम मुलांकडून पाठ करून घ्यावेत.

अपघात घडल्यास

विजेस चिकटलेल्या माणसास किंवा जनावरास हाताने ओढू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या पाटावर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी. उच्च दाबाच्या वाहिनीची तार पडली असेल, तर मात्र काठीही वापरू नये. दूर राहून वीज बंद करविण्याची व्यवस्था करावी. माणूस सुटल्यावर त्याचा श्वास चालत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत त्याच्या छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, दाब देत राहावे. त्यास मातीत पुरणे किंवा त्याच्या तोंडात पाणी घालणे यांत अमोल वेळ जातो. विजेच्या आगीवर, वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत, पाणी टाकू नये. कोरडी वाळू टाकावी.

तारेचा एक तुकडा, एक सॉकेट किंवा एक आरसीसीबी यांची किंमत एका दुभत्या जनावरापुढे काहीच नाही. मग माणसाची गोष्ट दूरच राहिली. घरात आज कोणत्या वस्तूस हात लावण्याचे सर्वजण टाळतात, एवढा एकच प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपणास विचारावा. ज्या वस्तूचे नाव उत्तरात येईल, तिच्यापासून दुरुस्तीस आरंभ करावा.